वसाहतकाळातलं इंग्रज घराणं अमेरिकेत कसं शोधावं: नवख्यांसाठी पायऱ्या

१८५९ साली अब्राहम लिंकनने स्वतःविषयी थोडक्यात माहिती लिहून दिली. आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) केंटकीत आले आणि त्यांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, एवढंच त्याला ठाऊक होतं. न्यू इंग्लंडमध्येही, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्य भागात, लिंकन आडनावाचं एक घराणं होतं आणि त्यात एनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम हीच नावं फिरत होती. पण नावं सारखी आहेत, यापलीकडे काही हाती लागलं नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलं.

घराणं एकच होतं, हे पुढे कागदांवरून सिद्ध झालं. १६३७ मध्ये इंग्लंडहून आलेला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावात स्थायिक झालेला सॅम्युएल लिंकन हा या शाखेचा अमेरिकेतला मूळपुरुष. तरीही १८५९ मध्ये लिंकनने जे लिहिलं तेच बरोबर होतं, कारण तेव्हा त्याच्या हातात पुरावा नव्हता. या कामात नवख्याने पहिल्याच दिवशी ही शिस्त लावून घ्यावी: नाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही.

खालच्या पायऱ्या मुख्यतः न्यू इंग्लंडसाठी आहेत, त्यातही १६२० ते १७०० या काळासाठी. अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत सून किंवा जावई अशा जुन्या घराण्यातले असतात आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायची हौस असते. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत अनेक पिढ्यांची नावं एका जागी सापडतात. तिकडे तशी चोपडी नाही. माणूस तुकड्यातुकड्यांनी सापडतो: जन्म एका वहीत, जमीन दुसऱ्या कचेरीत, मृत्युपत्र तिसरीकडे.

आधी जवळ काय हवं

- ज्या व्यक्तीपासून सुरुवात करणार तिचे आणि तिच्या आईवडिलांचे जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले
- फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर खातं. ते मोफत आहे. काही स्कॅन घरून दिसतात, काही फक्त त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात
- अमेरिकन ॲन्सेस्टर्सवर खातं. १८४५ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीचं हे संकेतस्थळ. पाहुण्यांचं खातं मोफत, पण बराचसा साठा वर्गणीदारांसाठीच आहे
- काउंट्यांच्या बदलत्या हद्दी दाखवणारा नकाशा. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीचा नकाशासंग्रह मोफत पाहता येतो
- एक तक्ता. रकाने असे ठेवा: नाव (कागदात जसं लिहिलंय तसंच), तारीख (तशीच), गाव, त्या वेळची काउंटी, कागद मूळ की छापील उतारा, आणि हा कागद नेमकं काय सिद्ध करतो

शेवटचा रकाना भरायचा कंटाळा करू नका. तो रिकामा राहिला तर त्या कागदातून तुम्हाला अजून काही मिळालेलं नाही असंच समजा.

१. आजपासून मागे जा, उडी मारू नका

घरात कोणीतरी सांगतं की आपण अमुक जहाजातून आलेल्या तमुक माणसाचे वंशज. मग नवखा माणूस त्या तमुकपासून खाली उतरू लागतो. अकरा-बारा पिढ्यांत त्याचे हजारो वंशज झालेले असतात आणि त्यातली आपली ओळ कोणती, हे वरून दिसत नाही. म्हणून खालून वर चढायचं.

१८५० पर्यंत जाणं त्या मानाने सोपं असतं, कारण त्या वर्षीच्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव नोंदलेलं आहे. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातंही लिहिलेलं सापडतं. १७९० ते १८४० च्या जनगणनांत मात्र फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे नुसते आकडे. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे, त्यामुळे १८८० ते १९०० ही वीस वर्षं दाखल्यांवर काढावी लागतात.

२. वसाहत कोणती, ते आधी पक्कं करा

न्यू इंग्लंड आणि व्हर्जिनिया ही शोधाच्या दृष्टीने दोन वेगळी जगं आहेत. न्यू इंग्लंडमध्ये गाव हा कारभाराचा पाया होता. माणसं बहुधा कुटुंबासह आली आणि लिहून ठेवण्याची सवय घेऊन आली. मॅसॅच्युसेट्स बे या वसाहतीच्या कायद्याने १६३९ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदायला सांगितलं. इंग्लंडात त्या वेळी बाप्तिस्मा आणि दफन नोंदवत, हा फरक लक्षात ठेवा.

व्हर्जिनियात पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला विभाग) आणि काउंटी यांवर भिस्त. कित्येक काउंट्यांची दप्तरं जळाली. काहींनी आपले कागद सुरक्षित राहतील म्हणून रिचमंडला पाठवले होते, ते एप्रिल १८६५ च्या आगीत गेले. तिथे एक खास सापळाही आहे. वसाहतीत माणूस आणल्याबद्दल ५० एकर जमीन मिळे आणि त्या दाव्यात आणलेल्या माणसांची नावं असत. नवखे त्या दाव्याचं साल हे आगमनाचं साल धरतात. दावा मात्र येऊन बरीच वर्षं झाल्यावरही केला जाई आणि तो हक्क विकलाही जाई. त्या कागदावरून एवढंच म्हणता येतं की माणूस त्या तारखेपूर्वी आला असावा.

३. गावाच्या नोंदी, आणि छापील पुस्तकांचे संकेत

मॅसॅच्युसेट्समधल्या बहुतेक जुन्या गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी आडनावांच्या वर्णानुक्रमाने छापलेल्या आहेत. ही पुस्तकं वापरायला इतकी सोयीची की माणूस मूळ वही उघडतच नाही. ती उघडायला हवी, याला कारणं आहेत.

छापताना गावाच्या वहीखेरीज चर्चच्या नोंदी, थडग्यांवरचे लेख आणि घरगुती कागद यांतली माहितीही मिसळली आहे. पुढे सी. आर. असं असेल तर ती चर्चची नोंद, जी. आर. म्हणजे थडग्याचा दगड, पी. आर. म्हणजे खाजगी कागद. या खुणा गाळून तारीख उतरवली तर दगडावरची तारीख गावाच्या वहीची म्हणून पुढे जाते. विवाहाच्या नोंदीपुढे ‘इंट.’ असेल तर ती लग्नाचा इरादा जाहीर केल्याची तारीख आहे, लग्नाची नाही. जाहीर झालेलं लग्न मोडल्याचीही उदाहरणं आहेत.

मूळ वही पाहिली की आणखी एक गोष्ट कळते. एकाच शाईत, एकाच हाताने, एका कुटुंबातल्या सहा-सात मुलांचे जन्म ओळीने लिहिलेले असतील तर ते प्रत्येक जन्माच्या वेळी लिहिलेले नाहीत. कुटुंब नव्या गावात आलं आणि बापाने सगळी एकदम सांगितली. थोरली मुलं बहुधा आधीच्या गावात जन्मलेली असतात. छापील पुस्तकात ती मुलं अक्षरांनुसार विखुरतात आणि हा धागा तुटतो.

चर्चमधला विवाह शोधत बसू नका. न्यू इंग्लंड वसवणाऱ्या प्युरिटन पंथीयांच्या मते विवाह हा दिवाणी करार होता आणि पहिली पाच-सहा दशकं मॅसॅच्युसेट्समध्ये लग्नं न्यायाधिकारी लावत.

४. तारखा वाचायला शिका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबून नीट समजून घ्या.

१७५२ पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत जुलियन पंचांग चालू होतं आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. आपल्याला हे अवघड वाटायला नको. आपलं शक वर्ष चैत्रात बदलतं आणि फाल्गुन जुन्या शकातच मोजला जातो. तसंच तिथे जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंतचे दिवस आधीच्या वर्षात मोजत.

उदाहरण घ्या. लग्न १२ मे १६४०, पहिलं मूल २० फेब्रुवारी १६४०. आजच्या हिशोबाने मूल लग्नाआधीचं ठरतं. खरं तर तो फेब्रुवारी आपल्या १६४१ चा, म्हणजे लग्नानंतर नऊ महिन्यांनी आलेला. वंशावळींत अशा मुलांना पहिल्या बायकोची मुलं ठरवून एक अस्तित्वात नसलेली बायको घुसडल्याचं दिसतं.

त्यावर उपाय म्हणून जोडवर्ष लिहितात: २० फेब्रुवारी १६४०/४१. तुम्हीही तसंच लिहा. कागदात एकच वर्ष असेल तर आधी ते जसंच्या तसं उतरवा आणि जोडवर्ष शेजारी कंसात द्या. गुपचूप ‘दुरुस्त’ करू नका, कारण पुढचा माणूस तीच तारीख पुन्हा एकदा दुरुस्त करेल.

महिन्यांचे आकडे हा दुसरा खड्डा. प्युरिटन आणि क्वेकर महिन्यांची नावं टाळून आकडे लिहीत. पहिला महिना म्हणजे मार्च, बारावा म्हणजे फेब्रुवारी. ‘५वा महिना’ दिसला की मे लिहू नका, तो जुलै आहे.

राहिला दिवसांचा फरक. सतराव्या शतकात जुलियन पंचांग आजच्या पंचांगापेक्षा दहा दिवस मागे होतं, नंतर अकरा. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म त्या वेळच्या नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१/३२ आहे आणि आज तो २२ फेब्रुवारी १७३२ मानतात. तुमच्या तक्त्यात मात्र दिवस बदलू नका, जुनाच ठेवा.

५. नात्यांचे शब्द जपून घ्या

मराठीत चुलत, मावस, आते, मामे असे चोख शब्द आहेत, म्हणून आपल्याला इंग्रजी कागदातही तेवढाच नेमकेपणा अपेक्षित असतो. सतराव्या शतकातली इंग्रजी तशी नव्हती.

- ‘कझिन’ म्हणजे पुतण्या, भाची किंवा कोणताही लांबचा नातलग असू शकतो.
- ‘सन-इन-लॉ’ जावई असेलच असं नाही. सावत्र मुलालाही तेच म्हणत.
- ‘ब्रदर’ सख्खा भाऊ, मेहुणा, साडू किंवा चर्चमधला बंधू यांपैकी कोणीही.
- ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ बाप-लेक असतीलच असं नाही. गावात त्याच नावाचे दोघे असले तर वयाने मोठा तो सीनियर. मोठा वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो, म्हणजे एकच माणूस दोन बिरुदांनी सापडतो.
- मृत्युपत्रातलं ‘माय नाऊ वाइफ’ वाचून आधीची बायको होती असं ठरवू नका. ‘मी मरेन तेव्हा जी असेल ती नव्हे, आत्ता आहे ती’ एवढाच त्याचा कायदेशीर अर्थ.

‘मिस्टर’ हे तेव्हा प्रतिष्ठेचं लक्षण होतं. साध्या शेतकऱ्याला ‘गुडमन’ आणि त्याच्या बायकोला ‘गुडवाइफ’ म्हणत. एकाच गावातल्या दोन जॉन स्मिथांपैकी एक नेहमी ‘मिस्टर’ असेल तर वेगळे ओळखायला हा फरक उपयोगी पडतो.

६. मृत्युपत्र आणि जमीन: खरी साखळी इथे जुळते

जन्माची नोंद सांगते की अमुक नावाचं मूल झालं. पन्नास वर्षांनी दुसऱ्या गावात वारलेला त्याच नावाचा माणूस तोच, हे सांगतात वारशाचे आणि जमिनीचे कागद.

वारशाची फाइल मागताना फक्त मृत्युपत्र मागू नका, पूर्ण फाइल मागा. तिच्यात मालमत्तेची यादी, प्रशासकाचं हमीपत्र, वाटणीचा आदेश, पालक नेमल्याचे कागद असं बरंच असतं. मृत्युपत्राची तारीख आणि ते न्यायालयात सिद्ध झाल्याची तारीख, या दोन्हींच्या मध्ये मृत्यू. मृत्युपत्रात एखाद्या मुलाचं नाव नसेल तर ते मेलं किंवा रुसवा होता असं समजू नका. जमिनीचा हिस्सा लग्नाच्या वेळीच देऊन झालेला असू शकतो. मुलाने स्वतः पालक निवडला असेल तर त्याचं वय १४ च्या पुढे. आणि पालक नेमला म्हणजे आई हयात नव्हती असं मुळीच नाही, बाप गेला की पालक नेमत.

मृत्युपत्र न करता माणूस गेला तर मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा मिळे. १६४१ च्या कायदेसंग्रहातच ती तरतूद आहे. या नियमाचा शोधात फार उपयोग होतो. समजा, विधवेचा तिसरा हिस्सा काढून जंगम मालमत्ता १८० पौंड उरली आणि एका मुलाला ६० आणि इतरांना ३० पौंड मिळाले. म्हणजे एकूण सहा हिस्से आणि वारस पाच. तुमच्याकडे चारच नावं असतील तर एक मूल, बहुधा लग्न झालेली मुलगी, तुम्हाला सापडलेलं नाही. हिशोब करताना पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेनी धरा. व्हर्जिनियात हे गणित चालत नाही. तिथे १७८५ च्या कायद्यापर्यंत मृत्युपत्राविना जमीन थोरल्या मुलाकडेच जाई.

जमिनीच्या खरेदीखतांना विकणारा आणि घेणारा अशा दोन सूची असतात. दोन्ही पाहा. चतुःसीमा आवर्जून उतरवा, कारण शेजारी फार वेळा सासरा किंवा मेहुणा निघतो. नवऱ्याने जमीन विकताना बायको आपला हक्क सोडते, तिथे तिचं पहिलं नाव मिळतं. आणि खताची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत कधी कधी दशकांचं अंतर असतं, म्हणून सूची माणसाच्या मृत्यूनंतरही तीसेक वर्षं पुढे पाहा.

लिंकन घराण्याचंच पाहा. सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय, त्याचाही मुलगा मॉर्डेकाय. हा धाकटा मॉर्डेकाय मॅसॅच्युसेट्स सोडून न्यू जर्सीत आणि तिथून पेनसिल्व्हेनियात गेला. १७३६ मध्ये तो वारला आणि न्यू जर्सीतली जमीन जॉन या मुलाकडे आली. १७४८ मध्ये जॉनने ती विकली. त्या खतात तो पेनसिल्व्हेनियात राहणारा विणकर आहे आणि मॉर्डेकाय लिंकनचा मुलगा आणि वारस आहे. राहायला एका वसाहतीत, जमीन दुसरीत आणि नातं शब्दांत लिहिलेलं. अशा एका खतापुढे सारख्या नावांची लांबलचक यादी फिकी पडते. हाच जॉन पुढे व्हर्जिनियात गेला आणि राष्ट्राध्यक्षाचा पणजोबा झाला.

कोणत्या कचेरीत शोधायचं, हेही त्याच घराण्यावरून शिका. जॉनची व्हर्जिनियातली जमीन आधी ऑगस्टा काउंटीत होती. १७७८ मध्ये रॉकिंगहॅम काउंटी वेगळी झाली आणि जमीन न हलता काउंटी बदलली. जुने कागद जुन्याच काउंटीत राहतात. मॅसॅच्युसेट्सचं हिंगहॅम १८०३ पासून प्लिमथ काउंटीत आहे, पण सतराव्या शतकातला तिथला वारसा सफोक काउंटीच्या दप्तरात पाहायचा.

७. जुनं अक्षर

मोडी वाचणाऱ्यांना ही पायरी परकी वाटणार नाही. त्या काळच्या ‘सेक्रेटरी’ वळणात हात न उचलता लिहिण्याची तीच घाई आणि तसेच संक्षेप आहेत. ई उलटा दिसतो, सी आजच्या आरसारखा वाटतो, एचची शेपटी ओळीखाली जाते. यू आणि व्ही, आय आणि जे एकमेकांच्या जागी येतात. दोन एफ म्हणजे मोठा एफ. ‘ये’ असं दिसणारं छोटं अक्षर ‘द’ वाचायचं. रोमन आकड्यातला शेवटचा आय जे असा लिहितात, म्हणजे व्ही-आय-आय-जे हे आठ.

सरावाची सोपी रीत: मृत्युपत्र घ्या. बहुतेकांची सुरुवात ‘इन द नेम ऑफ गॉड आमेन’ अशी असते. शब्द आधीच माहीत असल्यामुळे त्या लेखनिकाचं प्रत्येक अक्षर ओळखता येतं. त्यावरून कागदावर त्याची बाराखडी बनवा आणि तीच ठेवून पुढचं वाचा. लेखनिक बदलला की बाराखडीही नवी.

आडनावाचं स्पेलिंग हा पुरावा धरू नका. ‘आमचं आडनाव शेवटी ई घेऊनच लिहितात’ असं म्हणून खरा कागद सोडून देणारे बरेच आहेत.

८. समुद्र ओलांडणं

अमेरिकेतली बाजू पूर्ण झाल्याशिवाय इंग्लंडला हात लावू नका. पत्नी, सगळी मुलं, भावंडं, शेजारी आणि गावचा पाद्री यांची यादी आधी तयार हवी.

१६२० ते १६४० या काळात सुमारे २०,००० लोक न्यू इंग्लंडला आले. त्यातल्या फार थोड्यांची प्रवासी यादी शिल्लक आहे. यादी मिळाली तरी ती नीट वाचावी लागते. १६३७ च्या एप्रिलमध्ये यारमथ बंदरात केलेल्या नोंदीत नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉज, त्याची बायको, एक मूल आणि दोन नोकर आहेत. त्या नोकरांपैकी एक ‘सॅम्युएल लिंकॉर्न, वय १८’. हाच आपला सॅम्युएल. लिंकन आडनावाचं कुटुंब शोधणाऱ्याला तो दिसणार नाही, कारण तो दुसऱ्याच्या कुटुंबाखाली आणि वेगळ्या स्पेलिंगने लिहिला आहे. वयाचंही पाहा. इंग्लंडातल्या नॉरफोक काउंटीतल्या हिंगहॅमच्या पॅरिशमधला जो बाप्तिस्मा त्याचा मानतात तो १६२२ चा, म्हणजे वय चौदा-पंधरा. १८ आणि १४ यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी एक कागद लपवून वंशावळ सुबक करू नका. दोन्ही लिहा आणि कशाला जास्त वजन देता, का देता, ते सांगा. जबानीत किंवा यादीत सांगितलेलं वय अंदाजी असतं. बाप्तिस्म्याची तारीख पक्की असते, पण तो माणूस तोच का, हा प्रश्न उरतोच.

पहिलं काम: या स्थलांतरावरचा ‘ग्रेट मायग्रेशन’ अभ्यास पाहा. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी १९८८ पासून चालवलेल्या या कामात १६३५ पर्यंत आलेल्यांची सविस्तर टिपणं आहेत. १६४० पर्यंतच्यांची निर्देशिका आहे. मूळ गाव माहीत असल्यास तिथे मिळतं, आणि जुने दावे खोटे ठरले असतील तर तेही.

तिथे नसेल तर सोबत्यांवरून जा. माणसं एकेकटी येत नसत. पाद्रीच्या मागे अर्धं गाव येई. नॉरफोकच्या हिंगहॅममधून इतके लोक आले की नव्या गावालाही तेच नाव पडलं. नव्या हिंगहॅमच्या डॅनियल कुशिंग या टाउन क्लार्कने (गावाचं दप्तर ठेवणाऱ्याने) कोणतं कुटुंब कधी आलं, याची यादी करून ठेवली आहे. तुमच्या माणसाचं मूळ कळत नसेल तर त्याच्या शेजाऱ्यांचं शोधा आणि त्याच पॅरिशच्या आसपास पाहा.

इंग्लंडमधली पॅरिशची नोंदवही १५३८ च्या आदेशाने सुरू झाली. प्रत्यक्षात बऱ्याच वह्या नंतरच्या आहेत. वही हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल मागा. १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि त्यानंतरच्या काळात खिंडारं आहेत.

बाप्तिस्मा सापडला की आनंद बाजूला ठेवा आणि त्याच वहीत पुढची पानं वाचा. ते बाळ दोन वर्षांनी दफन झालं का? त्या नावाच्या माणसाचं १६५० मध्ये तिथेच लग्न झालं का? झालं असेल तर तो समुद्र ओलांडून गेलेलाच नाही. ही तपासणी न केल्यामुळे लहानपणी वारलेल्या कितीतरी मुलांना अमेरिकेत शेकडो वंशज चिकटले आहेत.

शेवटचा आधार मृत्युपत्रांचा, तोही इंग्लंडात राहिलेल्या नातलगांच्या मृत्युपत्रांचा. ‘न्यू इंग्लंडला असलेला माझा मुलगा’ असे शब्द शोधायचे. कँटरबरीच्या प्रिरॉगेटिव्ह न्यायालयातली (मृत्युपत्रं सिद्ध करणारं वरचं चर्च-न्यायालय) १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. साध्या लोकांची मृत्युपत्रं मात्र बहुधा काउंटीच्या अभिलेखागारात असतात.

इथे जॉन हार्वर्डचं उदाहरण लक्षात ठेवा. त्याच्या नावाचं विद्यापीठ जगभर प्रसिद्ध होतं, पण तो इंग्लंडात कुठला, हे १८८० च्या दशकापर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं. हेन्री वॉटर्स यांनी मृत्युपत्रं चाळून ते शोधलं. किल्ली ठरलं त्याच्या आईचं १६३५ चं मृत्युपत्र. ती कॅथरिन रॉजर्स, लग्नानंतर हार्वर्ड, नवरा वारल्यावर एलेट्सन आणि तिसऱ्या लग्नानंतर यअरवुड. मृत्युपत्र यअरवुड या नावाने आहे आणि त्यात थोरला मुलगा जॉन हार्वर्ड याचा उल्लेख आहे. फक्त हार्वर्ड आडनाव शोधणाऱ्याच्या हाती ते लागलं नसतं. त्या मार्गाने लंडनच्या साउथवर्कमधला १६०७ चा बाप्तिस्मा जुळला. म्हणून विधवांचे पुनर्विवाह शोधा आणि प्रत्येक नवऱ्याच्या आडनावाने पाहा.

९. बनावट वंशावळी

एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या वळणावर श्रीमंत अमेरिकनांना राजघराण्याशी नातं हवं होतं आणि ते विकणारेही निघाले. गुस्ताव्ह अँजू हा त्यातला कुप्रसिद्ध. त्याने पैसे घेऊन खोट्या वंशावळी रचल्या, मधे मधे खरे संदर्भ पेरले आणि जोडणारा दुवा तेवढा बनवला. त्या आजही ग्रंथालयांत आणि ऑनलाइन वंशवृक्षांत, म्हणजे ‘झाडांत’, आहेत. हे लक्षात आलं तर संशय घ्या:

- स्थलांतरित माणसाच्या मागे एका पिढीतच सरदार किंवा राजा
- ‘तीन भाऊ आले’ ही कथा, आणि तिघांचा एकही कागद नाही
- आडनावाचं म्हणून विकत मिळणारं ढालचिन्ह. इंग्लंडात चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही
- शंभर ऑनलाइन झाडांत तेच, आणि सगळ्यांचा आधार एकमेकांची झाडं

१०. डीएनए कुठे चालतो

साधी चाचणी दहा-बारा पिढ्यांमागे फारशी उपयोगी नाही. दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वजांच्या जागा होतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा अंशही तुमच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी वेगळी. मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरीचा एडमंड राइस १६६३ मध्ये वारला. त्याच्या वेगवेगळ्या मुलांच्या पुरुष वंशजांच्या चाचण्यांवरून त्याचं वाय गुणसूत्र कसं होतं, हे बांधता आलं. त्यामुळे राइस आडनावाचे कोण त्याचे आणि कोण नाहीत, हे सांगता येतं. त्याचे आईवडील कोण, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. गुणसूत्र नाव सांगत नाही.

११. लिहिणं आणि मागवणं

प्रत्येक दुव्याखाली दोन-तीन वाक्यांत लिहा: हा याचा मुलगा, कारण अमुक खतात तसं म्हटलंय, किंवा तसं कुठेच म्हटलेलं नाही पण या या गोष्टी एकत्र जुळतात. दुसऱ्या प्रकाराला ‘बहुधा’ हा शब्द लावा आणि झाडात तुटक रेघ काढा. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्यांच्या वंशजांच्या संस्थेसारख्या ठिकाणी अर्ज करायचा असेल तर त्यांच्या मान्य पिढ्या कुठपर्यंत आहेत ते आधी विचारा, म्हणजे झालेलं काम पुन्हा करावं लागत नाही.

अभिलेखागाराला लिहिताना ‘आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. एका पत्रात एकच कागद मागा. व्यक्तीचं नाव आणि त्याची तीन-चार स्पेलिंगं, गाव, त्या वेळची काउंटी, पाच ते दहा वर्षांची मुदत, कागदाचा प्रकार आणि सूचीत मिळालेला फाइल किंवा खंडाचा क्रमांक द्या. नकलेचा खर्च आधी विचारा. पानाची पुढची आणि मागची, दोन्ही बाजू मागा. मृत्युपत्राच्या मागच्या बाजूला बरेचदा ते कधी आणि कोणी सादर केलं, याची टीप असते.